व्यसनमुक्ती : दवाखाना आणि तालीम

आपल्या जुन्या मराठी घरांत व्यसनाविषयी दोन मते फार दिवसांपासून नांदत आली आहेत. पहिले असे, की हा सारा मनाच्या दुबळेपणाचा प्रकार आहे. माणसाने एकदा देवासमोर शपथ घेतली आणि ती पाळली, की प्रश्न मिटला. दुसरे मत तालमीतल्या मंडळींचे. पहाटे उठवा, शंभर जोर काढायला लावा, अंगाला माती लागू द्या. घाम गळू लागला की डोक्यातले खूळही गळून पडेल. अलीकडे तिसरे मत पुढे आले आहे. व्यसन हा मेंदूचा आजार आहे, त्यावर गोळ्या निघाल्या आहेत, तेव्हा ते काम डॉक्टरांचे, घरच्यांनी त्यात पडू नये.

या तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि तिन्ही एकेकटी घेतली तर घात करतात, असे मला वाटते. औषध, मनाचा उपचार आणि शरीराची हालचाल ही तिन्ही एकत्र आली, आणि योग्य क्रमाने आली, तरच माणूस सावरण्याची शक्यता वाढते. हा क्रम कोणता, एवढेच आज सांगायचे आहे.

कोणी म्हणेल, आपण तर गुजरातेत राहतो, १९६० साली राज्य जन्मले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. मग ही चर्चा कशाला? परंतु बंदीने दारू दुर्मीळ होत नाही, ती चोरटी होते. आणि जी गोष्ट चोरून करायची, तिच्यासाठी मदत तरी उघडपणे कशी मागायची? देशभराची स्थितीही फारशी निराळी नाही. केंद्र सरकारसाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला असे आढळले. उरलेले सदतीस कोठे असतात? घरातच असतात. माजघरात त्यांच्याविषयी हलक्या आवाजात बोलणे चालते आणि दिवाणखान्यात 'त्यांची प्रकृती जरा बरी नाही' असे सांगितले जाते.

माझा एक आतेभाऊ या सदतिसांपैकीच होता. आमच्या आजोबांना तालमीचे वेड. त्यांनी त्याला चार दिवस खोलीत कोंडून ठेवले आणि पाचव्या दिवशी तालमीत नेऊन उभे केले. तो मूळचा कसलेला गडी. दोन महिन्यांत दंड भरले, चेहऱ्यावर तेज आले, घरात सत्यनारायण झाला. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा पिऊ लागला. आजोबांनी त्याला नादान ठरवले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मनोविकारतज्ज्ञाने त्याला शांतपणे विचारले, की तुम्ही पिता ते नेमके केव्हा? तो म्हणाला, "रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते, काहीतरी वाईट होणार असे वाटत राहते, म्हणून." ही भीती दारूच्याही आधीची होती. जोर-बैठकांनी शरीर दणकट झाले, पण त्या भीतीला कोणी हात लावलेलाच नव्हता.

पहिले दिवस दवाखान्याचे

त्या चार दिवसांच्या कोंडण्यात त्याचा जीव वाचला, हे नशीबच म्हणायचे. दारू मेंदूची गती मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या मंदपणाशी झगडण्यासाठी स्वतःला सतत ताणून धरतो. दारू एकाएकी थांबली की दाबून धरलेली कमान सुटावी तसा तो उसळतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना आकडी येते. आणि सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊ लागतात, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. या दिवसांत रुग्णाला हवे असते ते औषध, ब-१ जीवनसत्त्व, पाणी आणि जाणत्या माणसाची देखरेख. व्यायामाचे नावही तेव्हा काढू नये. जेवणात गुपचूप 'दारू सोडवण्याची पूड' कालवण्याचा प्रकारही तितकाच घातक. त्यातील काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

ब्राउन शुगरसारख्या अफूच्या कुळातील पदार्थांची तऱ्हा थोडी वेगळी. ते सुटताना होणाऱ्या यातनांना व्यसनींच्या बोलीत 'टर्की' म्हणतात. सांधे ठणकतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा येतो, अंगाची नुसती तगमग होते. येथेही पहिला आधार औषधाचाच.

हे वादळ आठ-पंधरा दिवसांत शमते, आणि खरी लढाई तेथून सुरू होते. रक्तातले विष गेलेले असते, पण झोप परतलेली नसते. मन उदास असते, लहानसहान गोष्टीने भडकते. शिवाय शरीराला सवयीच्या वेळा पाठ असतात. संध्याकाळचे सात वाजले, ठरावीक कोपरा आला, ठरावीक मित्र दिसला, की तोंडाला पाणी सुटते आणि पाय आपोआप वळतात. ही तलफ विचारातून उठत नाही, ती अंगातूनच उठते. म्हणून नुसत्या उपदेशाने ती हटत नाही. परंतु तिचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरू लागते. तेवढी मिनिटे निभावून नेणे हीच साधना. तंबाखू सोडणाऱ्यांवर झालेल्या अनेक प्रयोगांत असे दिसले आहे, की दहा-पंधरा मिनिटे झपझप चालले तरी धूम्रपानाची तलफ तेवढ्यापुरती उतरते. तालमीचे, योगाचे, चालण्याचे काम येथे सुरू होते.

बडोद्याचा वारसा

शरीर हलवून मन सावरावे, ही कल्पना बडोदेकरांना परकी वाटू नये. जुम्मादादांच्या तालमीचा वारसा चालवणाऱ्या राजरत्न प्रो. माणिकरावांनी व्यायामाला एकट्याच्या कसरतीतून बाहेर काढले. शेकडो मुलांनी एका आज्ञेवर, एका ठेक्यात हात-पाय हलवावेत अशी सांघिक व्यायामाची पद्धत त्यांनी बसवली आणि आज्ञाही देशी भाषेत आणल्या.

त्यांच्याच हाताखाली १९०७ ते १९१० या काळात एक तरुण शिकत होता. डभोईला १८८३ साली जन्मलेला हा जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योगाचे धडे घेतले. पण केवळ गुरुवचन प्रमाण मानून ते स्वस्थ बसले नाहीत. उड्डियान आणि नौली या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात आपल्या शिष्यांवर तपासून पाहिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. दवाखाना आणि तालीम यांची गाठ आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी पडली होती, ती अशी. आजच्या संशोधनाचा धागा थेट त्या वृत्तीशी जुळतो.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या साठ जणांचा पहिला आठवडा औषधोपचारात गेल्यावर निम्म्यांना दोन आठवडे सुदर्शन क्रिया ही श्वसनपद्धती शिकवली. उदासी दोन्ही गटांत कमी झाली, पण श्वसन करणाऱ्यांत अधिक; त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरकेही उतरली. त्याच संस्थेत २०२३-२४ साली अफू-वर्गाच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या ५९ पुरुषांवर दुसरा प्रयोग झाला. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सर्वांनाच दिले. एका गटाला त्याखेरीज चौदा दिवसांत योगाची दहा सत्रे दिली. नुसते औषध घेणाऱ्यांची टर्की शमायला सामान्यतः नऊ दिवस लागले; योगाची जोड मिळालेल्यांची पाच दिवसांत शमली. चिंता घटली, झोप लवकर लागू लागली. 'औषध की योग' असा सामना येथे लावलाच नव्हता. औषध दोन्हीकडे होते, आणि या प्रयोगाचे मर्म मला त्यातच दिसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही योगाचे जाहिरातदार ठरू. निमहान्सचे हे प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. अमेरिकेत १९९७ साली मेथाडोनचा उपचार घेणाऱ्या ६१ जणांत हठयोग आणि गटातील मानसोपचार यांची तुलना झाली. दोन्ही सारखेच ठरले, योगाने बाजी मारली नाही. तेथेच २०१७ साली कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या ३०२ जणांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. जोमदार व्यायाम करणारे आणि केवळ आरोग्याचे शिक्षण घेणारे यांच्या संयमात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे व्यायाम ही जादूची कांडी नव्हे. तो सोबती आहे. वैद्याच्या खुर्चीवर त्याला बसवू नये.

सोबतीचा ठेका

मग व्यायाम नेमके काय देतो? मला वाटते, तीन गोष्टी देतो. थकवा देतो, म्हणजे गोळीवाचूनची झोप. रिकाम्या वेळेला आकार देतो. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे सोबत देतो. लेझमीच्या फेरात उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याच्या पावलाकडे पाहतो, त्याच्या ठेक्यात आपला ठेका मिळवतो; तेवढा वेळ तो एकटा नसतो आणि त्याला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मेरियन चेस या नर्तकीने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात अबोल झालेल्या रुग्णांशी नृत्यातून संवाद साधला, त्यातून नृत्योपचाराची शाखा वाढली. तेथील अनुभवही हाच होता, की जे तोंडाने बोलत नव्हते ते पावलांनी बोलू लागले.

आपल्या भाषेत या मेळाचे उत्तम उदाहरण पुण्याचे मुक्तांगण. 'गर्द'च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचटांनी लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यामुळे मनाचा उपचार पायातच होता. तेथे औषध आहे, समुपदेशन आहे, आणि दिनक्रमात योग, संगीत व श्रमही आहेत. एकेकाळचे व्यसनी बरे होऊन कार्यकर्ते होतात आणि दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, कारण घर सावरल्यावाचून माणूस सावरत नाही.

पण पाच आठवड्यांचा तो मुक्काम संपतो आणि माणूस आपल्या गल्लीत परततो. जुना कोपरा तोच, संध्याकाळचे सातही तेच. नेमकी ही संध्याकाळ आपण त्याला एकटीच देतो. घरातले त्याच्या तोंडाचा वास घेतात, मित्र चेष्टा करतात, आणि लग्नकार्यात 'याला लांबच बसवा' म्हणून कुजबुज होते.

येथे आपल्या गावाला काही करता येईल. तालमी आहेत, मंडळांची सभागृहे आहेत, बागा आहेत. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात अशा परतलेल्या माणसांसाठी एक फेर राखून ठेवायला काय हरकत आहे? अटी थोड्याच असाव्यात. डॉक्टरांनी हृदय, यकृत आणि तोल तपासून परवानगी दिलेली असावी; चालू गोळ्या कोणीही बंद करायला सांगू नये; आरंभ चालण्याने, हलक्या आसनांनी आणि संथ श्वासाने व्हावा, वजने उचलण्याची घाई नको. मध्ये पाय घसरून आठ दिवस गैरहजर राहिलेल्याला नवव्या दिवशी 'ये, उभा राहा' एवढेच म्हणावे. घसरणे हा या आजाराचाच भाग आहे. त्या दिवशी त्याला आधी डॉक्टरकडे पोचवावे आणि मग पुन्हा फेरात घ्यावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मनोवस्थांना मानसिक आजारात गणले आहे. कायद्याने जे मान्य केले, ते आपल्या दिवाणखान्यांनी मान्य करायला किती वर्षे घ्यावीत? मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो आणि त्याच पाहुण्यांबरोबर फिरायलाही जातो. या आजाराचेही तसेच व्हावे. गोळी उघडपणे घेता यावी, मनातले जाणत्या माणसाजवळ बोलता यावे, आणि संध्याकाळी सात वाजता हाक मारायला कोणीतरी दारात उभे असावे.