९९ पैकी १ गाडी विकायला आहे: टोकन देण्याआधी फोनवरून काय काय तपासाल?

"दादा, ५० हजार टोकन पाठवू का? नाहीतर गाडी जाईल."

माझ्या मावसभावाचा हा मेसेज. सोबत एका जाहिरातीची लिंक. फोक्सवॅगन पोलो जीटीआय, लाल रंग, तीन दारं, एकच मालक, खूप कमी रनिंग, "अगदी शोरूम कंडिशन". भारतासाठी फक्त ९९ गाड्या ठरवल्या होत्या, त्यातली एक. गाडी दुसऱ्या राज्यात, मालकाशी ओळख नाही आणि हातात फक्त एक फोन.

मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण आजची गाडी म्हणजे चाकांवरचे बरेचसे कॉम्प्युटरच आहेत आणि कॉम्प्युटर आपल्या नोंदी ठेवतो. त्या कशा वाचायच्या आणि पैसे देण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासायचं, ते या लेखात पाहू. हीच पद्धत तुम्ही कुठलीही जुनी गाडी घेताना वापरू शकता.

हॉट हॅच म्हणजे नक्की काय?

रोजच्या वापरातली छोटी हॅचबॅक घ्यायची, तिच्यात ताकदवान इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवायचे. ती झाली हॉट हॅच. हा प्रकार लोकप्रिय केला तो १९७६ च्या गोल्फ जीटीआयने. कंपनीने सुरुवातीला ५,००० गाड्यांचाच विचार केला होता; पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या. ग्रिलभोवतीची लाल पट्टी आणि चौकड्यांच्या कापडाची सीट ही तिथूनच आलेली ओळख.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट पॅलिओची सचिन तेंडुलकरच्या नावाची 'एस १०' आवृत्ती ५०० गाड्यांपुरतीच होती. पुढे १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो आली.

पोलो जीटीआय नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ पीएस, ७ स्पीड डीएसजी गिअरबॉक्स. कंपनीचा दावा होता, शून्य ते १०० चा वेग ७.२ सेकंदांत. एक्स-शोरूम किंमत २५.९९ लाख! पोलोसाठी एवढे पैसे कोण देणार, असंच बहुतेकांना वाटलं. पुढच्या वर्षी कंपनीला किंमत सुमारे ६ लाखांनी खाली आणावी लागली. तेव्हा गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आणि आज तीच गाडी दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. जिथे "दुर्मीळ" या शब्दाला पैसे मिळतात, तिथे त्या शब्दाची तपासणी आधी करायची.

पायरी १: ही खरंच तीच गाडी आहे का?

चाकणला बनलेली पोलो भारतात हजारोंनी आहे. त्यातल्या 'जीटी' मॉडेलवर 'जीटीआय'चा बॅज आणि लाल पट्टी लावणं अवघड नाही. ओळखायचं कसं?

- दारं मोजा. चाकणची पोलो पाच दारांची. भारतात आलेली जीटीआय तीन दारांची (मागचं दार धरून). बॅज बदलता येतो, दारं नाही.
- आरसी पाहा. जीटीआयच्या आरसीवर इंजिन १,७९८ सीसी असतं. त्या काळातली पोलो जीटी टीएसआय १,१९७ सीसीची.
- चेसिस नंबर पाहा. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. फोक्सवॅगनच्या नंबरात दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: जी म्हणजे २०१६, एच म्हणजे २०१७. गाडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.

फोटोंचं काय? गूगल लेन्समध्ये प्रत्येक फोटो टाकून बघा. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या, दुसऱ्या किमतीच्या जाहिरातीत सापडले तर विषय तिथेच संपवा. त्यानंतर व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर मालकाला तुम्ही सांगाल ते करायला लावा: बॉनेट उघडा, चेसिस नंबर दाखवा, इग्निशन चालू करून ओडोमीटर दाखवा. तयार व्हिडिओ चालणार नाही, लाइव्हच हवा.

पायरी २: कागद फोनवर

एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, इन्शुरन्सची मुदत आणि गाडीवर कर्ज आहे का हे कळतं. कर्ज दिसलं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. थकलेली चलानं परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर दिसतात.

मग मालकाकडून दोन गोष्टी मागा.

गेल्या काही वर्षांच्या इन्शुरन्स पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनस पाहायचा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. "एक ओरखडासुद्धा नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीत बोनस मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं होतं, हे विचारायलाच हवं.

फास्टॅगचं स्टेटमेंट. हे फार लोक मागत नाहीत, पण कामाचं आहे. गाडी "फक्त रविवारी बाहेर निघायची" आणि टोलच्या नोंदी मात्र आठवड्याला चार, असं असेल तर हिशेब जुळत नाही.

पायरी ३: गाडीला थेट विचारा

आता खरी मजा. स्टिअरिंगच्या खाली एक १६ पिनांचं सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. त्यात ब्लूटूथ डोंगल लावला की गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, फोनवरून बोलता येतं. साधा डोंगल हजार रुपयांच्या आत मिळतो. आयफोन असेल तर ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला घ्या, जुना ब्लूटूथ डोंगल आयफोनला जुळत नाही. ॲप म्हणून टॉर्क किंवा कार स्कॅनर पुरेसं आहे.

बहुतेक लोक एवढंच बघतात: एरर कोड आहे का? नाही? मग छान! पण कोड पुसायला तर एक बटण दाबावं लागतं. म्हणून पुढच्या दोन गोष्टी बघा.

१. कोड पुसल्यापासूनचं अंतर. ओबीडीच्या स्टँडर्डमध्येच ही नोंद आहे. शेवटचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, ते ईसीयू मोजत राहतो. गेल्या वर्षी एका मित्रासोबत मी दुसरीच एक जुनी हॅचबॅक बघायला गेलो होतो. स्क्रीनवर एकही एरर नव्हती, पण हा आकडा होता ११ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या जरा आधीच कोणीतरी कोड पुसले होते. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, "सर्व्हिसिंगवाल्याने केलं असेल." असेलही. आम्ही म्हटलं, मग ३०० किलोमीटर चालवा, परत येतो. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

२. रेडीनेस मॉनिटर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरे भागांच्या चाचण्या गाडी चालता चालता स्वतःच घेते. कोड पुसले की या चाचण्याही "अपूर्ण" होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं. तीन-चार मॉनिटर अपूर्ण असतील तर सावध व्हा. फक्त एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत बॅटरी काढली तरी असं होतं. म्हणून लगेच आरोप करू नका, वेळ मागून पुन्हा तपासा.

ओडोमीटरचं काय? समोर दिसणारा आकडा मीटरच्या मेमरीत असतो आणि तो बदलणारी उपकरणं बाजारात मिळतात. पण फोक्सवॅगनसारख्या गाड्यांमध्ये बिघाडाची नोंद होताना त्या वेळचे किलोमीटरही लिहिले जातात. मीटरवर १८,००० आणि एखाद्या मॉड्यूलमधली जुनी नोंद ४१,००० किलोमीटरची, असं निघालं तर मीटर मागे फिरवलंय. यासाठी साधा डोंगल पुरत नाही. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं ब्रँडला धरून बनवलेलं टूल लागतं. ते असलेलं गॅरेज शोधा आणि स्कॅनचे पैसे द्या. लाखांच्या व्यवहारात ही रक्कम काहीच नाही.

पायरी ४: गाडी ओरिजिनल, पण सॉफ्टवेअर?

हॉट हॅचमध्ये हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

टर्बो इंजिनची ताकद बऱ्याच अंशी ईसीयूमधल्या तक्त्यांवर ठरते: किती बूस्ट, किती इंधन, किती टॉर्क. ते तक्ते बदलले की एकही पार्ट न बदलता ताकद वाढते. याला रिमॅप किंवा 'स्टेज १' म्हणतात. गाडी बाहेरून तशीच्या तशी.

मग बिघडलं कुठे? याच पोलो जीटीआयकडे बघा. परदेशात मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत हेच इंजिन ३२० न्यूटन मीटर टॉर्क देत होतं. डीएसजीसोबत मात्र २५०. इंजिन तेच, मग कमी का? कारण यातला ड्राय क्लचचा ७ स्पीड गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन मीटरसाठीच बनवलेला आहे. कंपनीने गिअरबॉक्स वाचवायला इंजिनला सॉफ्टवेअरने लगाम घातला. रिमॅप करणारा नेमका हाच लगाम सैल करतो. मजा पहिला मालक करतो आणि क्लचचं बिल दुसऱ्याच्या हातात येतं.

ओळखायचं कसं? ओबीडीवर दोन माहिती मिळतात: कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन. आयडी म्हणजे सॉफ्टवेअरचं नाव. सीव्हीएन म्हणजे त्याचा चेकसम. फाइलमध्ये एक अंक जरी बदलला तरी चेकसम बदलतो. नाव तेच आणि चेकसम वेगळा, तर आतलं काहीतरी बदललंय. अर्थात हुशार ट्यूनर चेकसमही खोटा दाखवू शकतो आणि विकण्याआधी मूळ फाइल परतही टाकता येते. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. त्यांच्या सिस्टिममध्ये छेडछाड सापडलेल्या गाडीवर 'टीडी१' अशी खूण केलेली असते. गाडीवर ती खूण आहे का, हे मालकासमोरच विचारा.

रिमॅप केलेली गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण तिला "ओरिजिनल, जपलेली" म्हणून जास्त पैसे देऊ नका.

पायरी ५: उभी ठेवली म्हणजे जपली?

कमी रनिंग ऐकायला गोड वाटतं, पण गाडीचं रबर वर्षांनी म्हातारं होतं, किलोमीटरने नाही. टायरवर चार आकडे असतात: '३२१६' म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. पहिलेच टायर असतील तर नक्षी कितीही छान दिसो, बदलण्याचा खर्च धरा. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या २०१६ च्या आणि एकच २०२१ ची, तर त्या बाजूला काय झालं ते विचारा.

आणि पार्ट. इंजिन, तीन दारांची लांब दारं, बाजूच्या मोठ्या काचा, पुढचा बंपर हे चाकणच्या पोलोचं चालत नाही. बाहेरून मागवावं लागतं, म्हणजे पैसे आणि वाट पाहणं दोन्ही.

पायरी ६: पैसे

- जाहिरातवाल्याने क्यूआर पाठवून "पिन टाका, पैसे जमा होतील" म्हटलं, तर ती फसवणूक आहे. यूपीआय पिन पैसे *देण्यासाठी* असतो.
- "सैन्यात आहे, बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो" ही कथा खूप जुनी आहे.
- टोकन गाडी आणि कागद बघूनच, लेखी पावतीवर.
- परराज्यातली गाडी कायमची महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि इथला रोड टॅक्स. हा टॅक्स सौदा करताना किमतीत धरा.
- पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. तुम्ही दुर्मीळपणासाठी चार लाख जास्त मोजलेत आणि पॉलिसीत ते धरले नाहीत, तर गाडी चोरीला गेल्यावर ते चार लाखही गेले. सौद्याच्या आधी आकडा विचारून घ्या.

क्रम पक्का ठेवा

दारं आणि सीसी, मग कागद, मग लाइव्ह व्हिडिओ, मग प्रत्यक्ष स्कॅन, मग सर्व्हिस सेंटर, आणि सगळ्यात शेवटी पैसे. पहिल्या तीन पायऱ्यांना एक रुपया लागत नाही आणि बहुतेक वाईट सौदे तिथेच गळून पडतात.

ज्याने गाडी खरंच जपली आहे, तो तुमच्या प्रश्नांना वैतागत नाही. फाइल काढून बसतो, प्रत्येक बिलाची गोष्ट सांगतो आणि ओबीडी पोर्ट कुठे आहे तेही स्वतःच दाखवतो. "दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे, आत्ताच ठरवा" म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा, "देऊन टाका त्याला." अशी एखादी पुन्हा विकायला येईल. घाईत गेलेले पैसे मात्र सहसा परत येत नाहीत.