माहेरी जाताय? गटाला तारीख सांगून जा



पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. आता नवरात्र, २० ऑक्टोबरला दसरा आणि मग दिवाळी. या दिवसांत आपल्या गटांत एक वाक्य फार ऐकू येतं: "जमलं तर येते." आजचं बोलणं त्या वाक्यावरच आहे.

"जमलं तर येते" ऐकायला गोड लागतं. समोरच्या बाईला नाही म्हटल्यासारखं होत नाही, आणि आपणही बांधले जात नाही. पण ऐकणारी त्याचा काय अर्थ घेते? जिला गरज आहे ती "येणार" असं समजते. सांगणारीच्या मनात बहुतेक वेळा "येणार नाही" असंच असतं. हा घोळ कळतो तेव्हा चुलीवर कढई चढलेली असते.

फराळाच्या ऑर्डरचंच घ्या. भाजणी एकीने दळून आणायची, दुसरीने चकली पाडायची, तिसरीने तळायची, दोघींनी पाकिटं भरायची. पाकिटं भरायला कोणीही बसेल, पण तळणारा हात एखादीचाच असतो. भाजणी जरा बिघडली की चकली तेलात विरते, ते तिलाच सांभाळता येतं. ती बाई धनत्रयोदशीला माहेरी जाणार असेल तर ऑर्डर घेताना ते माहीत पाहिजे, ऑर्डर घेतल्यावर नाही. आधी कळलं तर तळणी दोन दिवस अलीकडे घेता येते, नाहीतर ऑर्डर वीस किलोची घेण्याऐवजी बारा किलोची घेता येते. त्यात तिला कोणी बोल लावत नाही. आयत्या वेळी कळलं तर गिऱ्हाइकाकडे तोंड दाखवायची पंचाईत होते आणि वर्षभर गटात धुसफूस चालते.

यंदाची दिवाळी मागल्या वर्षीसारखी नाही, हेही ध्यानात घ्या. मागल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, सोयाबीनच्या सवंगणी-मळणीच्या घाईत. यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ ला. सोयाबीन तोवर बहुतेकींच्या घरात आलेलं असेल, पण कापसाची वेचणी भरात असेल. म्हणजे ज्या आठवड्यात माहेरी जायचं, त्याच आठवड्यात वावरातून बोलावणं येणार. दोन वावरवाल्या बायांना "येते" म्हणून ठेवू नका. फुटलेला कापूस वाट पाहत नाही. वरून पाऊस पडला तर तो भिजतो, पिवळा पडतो आणि भाव उतरतो. एकीला आधीच "या आठवड्यात नाही, भाऊबीजेनंतर शुक्रवारपासून येते" सांगितलं, तर ती दुसऱ्या बाया बघते आणि शुक्रवारचं काम आपल्यासाठी राहतं.

आता पैशाचं. जिथं मला खरी काळजी वाटते ते हेच आहे.

बऱ्याच गटांच्या खात्यातून पैसे काढायला दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. अध्यक्ष माहेरी उमरखेडकडे, सचिव माहेरी वणीकडे, आणि मधेच एखादीचं लेकरू दवाखान्यात भरती झालं, तर खात्यात पैसे असून काय उपयोग? अशा वेळी बाई सावकाराचा उंबरा चढते. यंदा बँकेचे दिवसही कमी आहेत. ८ नोव्हेंबरला रविवार, १० ला पाडवा, १४ ला दुसरा शनिवार, १५ ला पुन्हा रविवार. भाऊबीजेला शाखा उघडी आहे का ते आधीच विचारून घ्या. त्या आठवड्यात हातात तीन-चारच दिवस उरतात. म्हणून सही करणाऱ्या बायांनी आपसात बोलून ठरवायचं, की दोघी एकाच वेळी गावाबाहेर जायच्या नाहीत. ते जमतच नसेल तर दिवाळीआधीच्या बैठकीत ठराव लिहून, गरजेपुरती रक्कम काढून, सगळ्यांसमोर कर्जवाटप करून घ्या. हप्त्याची तारीख त्या दिवसांत येत असेल तर हप्ताही आधी भरा. व्याजाची सवलत वेळेवर भरणाऱ्या गटालाच असते.

एक पळवाट काही ठिकाणी दिसते. जाणारी बाई कोऱ्या स्लिपवर सही करून जाते: "लागले तर काढा." हे करू नका. विश्वास नाही म्हणून नव्हे. पुढे वहीत हिशोब जुळला नाही तर ज्या बाईने काढले ती आणि जिने सही दिली ती, दोघीही बदनाम होतात.

मग सांगायचं काय आणि कसं? मोठं भाषण नको. कधी निघणार, कधी परत येणार, माझं कोणतं काम मधे येतं आणि ते कोण करणार आहे, एवढं पुरे. वही, शिक्का, बैठकीची पेटी आपल्याकडे असेल तर ती कोणाकडे ठेवली तेही. व्हॉट्सअॅपवर लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा: "ताई, मी शनिवारी सातला निघते, गुरुवारी बाराला येते. मंगळवारची बचत वैशालीकडे द्या, वही तिच्याकडे ठेवली. माहेरी रेंज नसते, संध्याकाळी सहानंतर फोन लागतो." पण गटातल्या सगळ्यांकडे असा फोन नसतो. म्हणून बैठकीच्या घरातल्या कालनिर्णयवर खुणा करा. दुधाचे खाडे आपण त्यावर मांडतोच. प्रत्येकीची एक खूण, जाण्यापासून येण्यापर्यंत. एका नजरेत दिसतं की ९ आणि १० तारखेला गावात कोणीच नाही.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायांना इथं वेगळं सांगते. सुट्टी कधी लागते ते सगळ्यांना पाठ असतं, शाळा कधी उघडते ते नसतं. परतीचा दिवस शाळा उघडायच्या आदल्या दिवसाचा धरा, आणि एसटी चुकली तर भात कोण टाकेल ते बोलून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, माझी तारीख माझ्या हातात कुठं आहे? भावाचा फोन येईल, सासूबाई हो म्हणतील, नणंद येऊन गेली की मग मी निघणार. खरं आहे. आपल्यातल्या निम्म्या बायांचं जाणं दुसरं कोणी ठरवतं. तरी जेवढं माहीत आहे तेवढं सांगता येतं: "जायचं नक्की, तारीख नक्की नाही, पुढच्या सोमवारी सांगते." आणि सोमवारी सांगायचं, तारीख ठरली नसली तरी. गटाने खूण केलेलं कालनिर्णय घरी दाखवता आलं, तर घरातलं बोलणंही थोडं लवकर उरकतं, असं मी काही घरांत पाहिलं आहे. बाईच्या कामाला तारीख असते हे घरच्यांना तिथं पहिल्यांदा दिसतं.

सगळ्यांचा सण एका दिवशी नसतो, हेही गटाने विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या बौद्ध मैत्रिणी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, त्यांची सुट्टी तेव्हा हवी. तांड्यावर दिवाळीला पोरींचा मेरा असतो. गोंड-कोलाम पोडांवर दंडार नाचते, पाहुणे येतात. मुस्लिम बहिणींचे दिवस आणखी वेगळे. एकीने दसऱ्याला सांभाळायचं, दुसरीने दिवाळीला, हे छान जमतं. फक्त "तिला कुठं दिवाळी असते" म्हणून दरवर्षी सगळं काम एकीच्याच गळ्यात टाकू नका. तिला आधी विचारा, आणि तिच्या सणाला तिची पाळी तुम्ही घ्या.

जी सांगून गेली तिला मग फोन करायचा नाही. वर्षातून चार दिवस आईच्या घरी झोपायला मिळतं. वही कुठं आहे हे विचारायला तिला उठवायचं नसेल तर वही कुठं आहे ते आधी विचारून ठेवा.

माझंही सांगते. मी ९ नोव्हेंबरपासून १२ पर्यंत गावाला आहे. कर्जाचे कागद ६ तारखेच्या आत माझ्याकडे द्या. त्यानंतरचे १३ ला, शुक्रवारी, दुपारी दोननंतर घेईन.