चिंगमच्या पाकिटातला खेळाडू

चिंगमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे घालून विकणारी टॉप्स ही अमेरिकन कंपनी शोरिन बंधूंनी १९३८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काढली. १९५२ साली तिने बेसबॉलपटूंची ४०७ कार्डे छापली. पुढे रंगीत चित्र, मागे खेळाडूची माहिती. वर्णभेदाची भिंत ओलांडणारे जॅकी रॉबिन्सनही त्यांत होते. पोरांच्या उड्या पडल्या. १९५६ साली बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनीही टॉप्सने विकत घेतली.

पण ज्यांच्या चेहऱ्यावर हा धंदा चालला, त्यांच्या पदरात काय पडले? सही करताना ५ डॉलर आणि मुख्य संघात पोचल्यावर वर्षाला १२५ डॉलर!

१९६६ साली मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेला हा माणूस. कंपनी दाद देईना, तेव्हा खेळाडूंनी फोटो काढून देण्याचेच नाकारले. १९६८ साली टॉप्स नमली. मोबदला दुप्पट, म्हणजे २५० डॉलर झाला. शिवाय विक्रीत ८ टक्के आणि ४० लाख डॉलरपुढील विक्रीवर १० टक्के वाटा मिळाला.

एकेकट्याची सही ५ डॉलरला गेली होती. सगळ्यांच्या एका नकाराने हक्काचा वाटा मिळवून दिला.