अठरा वर्षांनंतरचा पत्ता

अकोल्याच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हा खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. बालगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराला ती कोण देणार? वडिलांचे नाव, कायमचा पत्ता... अर्जातले साधे रकाने, पण त्याचे पेन तिथेच अडे.

१८ वर्षे पूर्ण झाली की बालगृह सुटते. २०१५च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत पुढच्या आधाराची सोय आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षणही दिले. पण अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास खात्याकडून काढायचे, फॉर्म असा भरायचा, हे शेजारी बसून सांगणारे माणूस नको का?

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, अपंग मुलांना स्वतःचे आडनाव दिले. वय झाले म्हणून घराबाहेर काढले नाही. त्यांची एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तयारी अमरावतीच्या एका शिकवणीवर्गाने करून घेतली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. लोक पद्मश्रीचे कौतुक करतात. मी मात्र भेटेल त्याला त्या शिकवणीच्या मास्तरांबद्दल विचारत असतो.