अनोळखी पांढरी पूड आणि घरगुती परीक्षा

घरातील फडताळ आवरू लागले म्हणजे चिठ्ठी गळून पडलेली एखादी बाटली अथवा वाण्याच्या कागदात बांधलेली पुडी हाती येते, आणि आतील पांढरी पूड कसली, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी चिमूटभर पूड जिभेवर ठेवून पाहण्याची रीत आपल्याकडे सर्रास आढळते. ही रीत सोडावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. मात्र तिच्या जागी ज्या साध्या रासायनिक परीक्षा सुचविल्या जातात, त्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात व कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे पाहिले पाहिजे.

घरात सामान्यतः सापडणारे पांढरे पदार्थ मोजकेच आहेत: मीठ, साखर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, टाकणखार, तुरटी, नवसागर, खडू, शंखजिरे, आरारूट किंवा मैदा. परीक्षेची सामग्रीही फार लागत नाही. व्हिनेगर, टिंक्चर आयोडिन, थोडा चुना आणि हळदीचा कागद एवढे पुरे. हळदीची पूड स्पिरिटात खलून गाळावी, त्या पिवळ्या द्रावणात टीपकागदाच्या पट्ट्या भिजवाव्या व सावलीत वाळवाव्या, म्हणजे हा कागद तयार होतो.

पहिली परीक्षा पाण्याची. खडू, शंखजिरे, आरारूट व मैदा थंड पाण्यात विरघळत नाहीत. बाकीचे पदार्थ कमीअधिक वेळाने विरघळतात. यानंतर कोरड्या पुडीवर व्हिनेगरचे थेंब टाकावे. फसफसून बुडबुडे आले तर पदार्थ कार्बोनेट अथवा बायकार्बोनेट वर्गातील आहे, म्हणजे खडू किंवा दोन सोड्यांपैकी एक. (पुडीला ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास येत असेल, तर तिला अम्लाचा स्पर्शही होऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.) खडू पाण्यात विरघळत नसल्याने तो लगेच वेगळा पडतो. दोन्ही सोड्यांतील भेद एप्सम मिठाच्या द्रावणाने कळतो. धुण्याच्या सोड्याचे द्रावण त्यात ओतताच पांढरा साका बसतो. खाण्याच्या सोड्याचे द्रावण थंड असेपर्यंत स्वच्छ राहते.

हळदीचा कागद हा या साऱ्या सामग्रीत सर्वांत मनोरंजक, आणि सर्वांत फसवाही. अल्कधर्मी द्रावणात तो तांबडा होतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. हळदीच्या डागावर साबण लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीने ही प्रतिक्रिया पाहिलेली आहे. परंतु धुण्याचा सोडा, चुना, साबण आणि टाकणखार हे सर्वच त्याला तांबडा करतात. खाण्याच्या सोड्यानेही फिकट तांबूस छटा येते. तेव्हा केवळ रंग बदलला म्हणून पदार्थ ओळखला, असे म्हणता येत नाही. त्या तांबड्या डागावर लिंबाचा रस टाकला की सोड्याचा व चुन्याचा रंग नाहीसा होऊन पिवळेपणा परत येतो. टाकणखाराची गोष्ट निराळी आहे. टाकणखार लिंबाच्या रसात मुरवून त्यात हळदीचा कागद बुडवावा व तो वाळू द्यावा; वाळताना त्यावर तांबूस रंग चढतो आणि अम्ल असूनही टिकून राहतो. याचे कारण असे की, अम्लामुळे टाकणखारातून बोरिक अम्ल सुटे होते व हळदीतील कुरकुमिन या रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन एक नवेच तांबडे संयुग बनते. हळदीत लिंबाचा रस व टाकणखार घालून कुंकू करण्याची जी जुनी घरगुती रीत आहे, तिच्या मुळाशी हेच रसायन आहे.

आयोडिनची परीक्षा त्यामानाने सरळ आहे. पिष्टमय पदार्थावर टिंक्चर आयोडिनचा थेंब पडताच निळसर काळा रंग उमटतो. तथापि पूड सोडामिश्रित असेल तर अल्कलीमुळे आयोडिनच नष्ट होते व पिष्ट असूनही रंग दिसत नाही. म्हणून आधी व्हिनेगर घालून फसफस थांबू द्यावी. एखादी पूड नुसत्या पाण्यानेच फसफसली आणि आयोडिनने निळीही झाली, तर ती बहुधा बेकिंग पावडर समजावी; तिच्यात सोडा, कोरडे अम्ल व पिष्ट एकत्र असतात. नवसागर ओल्या चुन्याबरोबर मळला असता अमोनियाचा दर्प येतो. तुरटीने गढूळ पाणी निवळते, हे सांगावयास नकोच.

आता मुख्य मुद्दा. वरील सर्व परीक्षा एका गृहीतावर उभ्या आहेत: पूड आपल्या यादीतीलच कोणती तरी आहे. ते गृहीत चुकले तर परीक्षा मूक राहतात, आणि हे मौन आपण निर्दोषतेचा दाखला समजतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १८५८ च्या ऑक्टोबरअखेर जे घडले, ते येथे आठवते. त्या काळी मिठाईत साखरेचा खर्च वाचविण्यासाठी जिप्समसारखी निरुपद्रवी पूड मिसळीत. ती आणावयास पाठविलेल्या माणसाला औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने, पिंपावर नीट चिठ्ठी नसल्यामुळे, सुमारे १२ पौंड सोमल दिला. त्याच्या पेपरमिंटच्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुमारे २० माणसे दगावली व दोनशेहून अधिक आजारी पडली. इंग्लंडमध्ये १८६८ साली औषधविक्रीवर जो कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता.

तो सोमल आपल्या परीक्षांना लावून पाहा. पांढरी पूड, पाण्यात फारच थोडी विरघळते, व्हिनेगरने फसफसत नाही, हळद तांबडी करीत नाही, आयोडिनने निळी होत नाही. आमच्या यादीप्रमाणे निष्कर्ष निघेल, शंखजिरे किंवा जिप्सम! जिभेकडूनही येथे मदत नाही, कारण सोमलाला जवळजवळ चवच नाही, आणि ग्रॅमच्या अल्प अंशानेही मनुष्य मरू शकतो. तापवून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. तापविल्यावर सोमल न वितळता वाफ होऊन उडतो आणि थंड पृष्ठावर पांढरा थर धरतो; नवसागरही नेमका असाच वागतो. म्हणजे ही परीक्षा दोहोंत भेद तर दाखवीत नाहीच, शिवाय पाहणाऱ्याच्या श्वासात विष जाते. सोमलाची खात्रीलायक परीक्षा जेम्स मार्श याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु तीत निर्माण होणारा आर्सिन वायू अत्यंत विषारी असल्याने ती प्रयोगशाळेबाहेर करावयाची नव्हे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, पाण्यात न विरघळणारी, आणि व्हिनेगर, हळद व आयोडिन या तिघांनाही दाद न देणारी पूड ‘अज्ञात’ म्हणूनच वेगळी ठेवावी. ज्यांची परीक्षा स्पष्ट उतरली, त्याही पुड्या भांडी घासण्यास वा कपडे धुण्यास खुशाल वापराव्या. स्वयंपाकात नव्हे, कारण सोड्यात आणखी काय मिसळले आहे ते व्हिनेगर सांगत नाही. अज्ञात पूड मूळ बाटलीतच, बूच घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी व ती कोठे, कोणत्या वस्तूंशेजारी सापडली ते कागदावर लिहून सोबत जोडावे. पृथक्करण करणाऱ्याला पुष्कळदा त्या चार ओळींचाच पहिला धागा मिळतो.