नीलेतून द्यावयाच्या शुद्धिहारकांची मात्रा आणि विदर्भातील उन्हाळा

नीलेतून द्यावयाच्या शुद्धिहारकांची मात्रा पाठ्यपुस्तकांत रुग्णाच्या वजनाच्या प्रमाणात दिलेली असते. दर किलोग्रॅमला थायोपेंटोन ३ ते ५ मिलिग्रॅम, प्रोपोफॉल १.५ ते २.५, केटामीन १ ते २ आणि एटोमिडेट ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, हे आकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात. परंतु ते एका गृहीतकावर उभे आहेत. रुग्णाच्या शरीरातील रक्ताचे आकारमान व हृदयाचा उत्क्षेप ही दोन्ही प्राकृत आहेत, हे ते गृहीतक होय. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना नागपूरच्या शस्त्रक्रियागृहात येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९३४ साली अमेरिकेत वॉटर्स व लंडी यांनी थायोपेंटोनचा वापर सुरू केला. निरोगी प्रौढात हे औषध टोचल्यापासून सुमारे अर्ध्या मिनिटात शुद्ध हरपते आणि पाच-दहा मिनिटांत परत येते. ज्या अर्थी शुद्ध इतक्या लवकर येते, त्या अर्थी यकृताने औषधाचा नाश केला असला पाहिजे, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही. यकृत तासाभरात या औषधाच्या दशांशाहून थोड्याच अधिक भागाचे विघटन करू शकते. १९६० साली प्राइस यांनी दाखवून दिले की, मेंदूतून बाहेर पडणारे औषध प्रथम स्नायूंत व इतर मेदविरहित ऊतींत जाते. मेदात ते मागाहून व सावकाश साठते. म्हणजे रुग्ण जागा होतो तो औषध शरीराबाहेर गेल्यामुळे नव्हे, तर ते मेंदूतून अन्यत्र गेल्यामुळे. या क्रियेस पुनर्वितरण म्हणतात. मात्रा वारंवार दिल्यास हे साठे भरत जातात आणि शुद्ध येण्यास तासचे तास लागतात.

आता ज्याच्या शरीरातील पाणी घटले आहे अशा रुग्णाचा विचार करू. रक्ताचे आकारमान कमी झाले म्हणजे शरीर त्वचा व स्नायू यांचा पुरवठा आवरते आणि मेंदू व हृदय यांचा राखते. त्यामुळे तीन गोष्टी घडतात. औषध थोड्या रक्तात मिसळल्याने त्याची तीव्रता वाढते. त्यातील मोठा वाटा मेंदूकडे व हृदयाकडे जातो. आणि स्नायूंकडे रक्त कमी गेल्याने पुनर्वितरण मंदावते. शिवाय अभिसरण मंद असल्याने औषध मेंदूपर्यंत पोहोचण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. औषध लागू पडले नाही असे समजून अधीर हात दुसरी मात्रा देतो, आणि मग दोन्ही मात्रांचा भार एकदमच पडतो. वायुरूप शुद्धिहारक श्वासावाटे बऱ्याच अंशी काढून टाकता येते; नीलेत गेलेले औषध परत घेता येत नाही.

औषधांच्या निवडीने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. १९८६ पासून प्रचारात आलेले प्रोपोफॉल लवकर निचरते हे खरे. पण ते रक्तवाहिन्या शिथिल करते, आणि रिकाम्या अभिसरणात रक्तदाब झपाट्याने खाली आणते. केटामीन अनुकंपी तंत्रिका तंत्रास उत्तेजन देऊन रक्तदाब सावरते, म्हणून ते अशा प्रसंगी उपयुक्त ठरते. तथापि दीर्घकाळ आघातात असलेल्या रुग्णाची ही राखीव शक्ती संपलेली असल्यास त्याचा हृदयस्नायूवरील मंदकारी परिणाम उघडा पडतो. एटोमिडेटने रक्तदाब फारसा ढळत नाही, परंतु ते अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलची निर्मिती रोखते. १९८३ मध्ये हा दोष ध्यानी आल्यावर अतिदक्षता विभागात ते सतत ठिबकवण्याची पद्धत बंद पडली.

विदर्भात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. दात्रकोशिका पांडुरोग, म्हणजे व्यवहारातील सिकलसेल, येथील अनेक आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत आढळतो. मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा रुग्णास वरीलपैकी कोणतेही शुद्धिहारक केवळ या रोगामुळे वर्ज्य नाही. घातक ठरतात ती प्राणवायूची न्यूनता, अम्लता, शरीर गारठणे आणि पाण्याची तूट. जादा मात्रेने श्वसन व रक्तदाब मंदावला की यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ओढवतात. शेवटची तर पुष्कळदा आपणच निर्माण करतो.

मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला रुग्ण दुपारी एक वाजता मेजावर येतो, तेव्हा तो तेरा तासांचा तहानलेला असतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी, जठर रिते होण्यास अडथळा नसलेल्या रुग्णास, दोन तास आधीपर्यंत साधे पाणी देण्यास हरकत नाही, हे आज सर्वमान्य आहे. तातडीच्या रुग्णात हा मार्ग नसतो. तेथे नीलेतून द्रव देऊन तूट शक्य तितकी आधी भरावी. मग मात्रेचा अंश सावकाश द्यावा, पुरेसे थांबावे, आणि परिणाम पाहूनच पुढचा अंश द्यावा. पुस्तकातील आकडा हा अंदाज आहे. प्रत्यक्ष मात्रा रुग्णाच्या अभिसरणावरून ठरते. म्हणून सुई नीलेत घालण्यापूर्वी रुग्णाने शेवटचे पाणी केव्हा घेतले व लघवी केव्हा केली, हे विचारणे हाही मात्रा ठरविण्याचाच एक भाग समजावा.