पिलाचें वळण व घराचें वळण

घरांत कुत्र्याचें पिलूं आलें कीं चार दिवस त्याचें कौतुक होतें. पुढें तें साखळीला बांधलें जातें. मग एखादे दिवशीं तें मुलाला चावतें आणि दोष त्याच्या जातीला दिला जातो! आम्हांस हा दोष शिक्षणाचा वाटतो.

स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, सुमारें तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलाला माणसाचा सहवास मिळत नाहीं, तें पुढें माणसाला भितें. आणि भ्यालेलें कुत्रें चावतें. या कामीं एकत्र कुटुंबासारखी शाळा नाहीं. काठी टेकीत येणारे आजोबा, रांगणारें मूल, पोस्टमन, मिक्सरचा आवाज यांची ओळख त्याला रोज थोडथोडी, न घाबरवितां करून द्यावी.

मात्र या शाळेंत गुरु फार! आजी ताटांतला घास देतात, त्याच घासाकरितां काका ओरडतात. पिलानें कोणाचें ऐकावें? म्हणून आज्ञेचा शब्द सर्वांचा एक असावा. चांगल्या वर्तनाला तत्क्षणीं शाबासकी द्यावी. दांत लावतांच खेळ थांबवावा. मारूं मात्र नये. लसी पूर्ण होईपर्यंत रस्ता कडेवरूनच दाखवावा, आणि रेबीजची लस कदापि चुकवूं नये.

पिलाला वळण लावण्यापूर्वीं घरांतल्या वडील मंडळींनीं आपसांत एकमत करावें, एवढीच आमची विनंति.